आधी मराठीत सांगून बघा

पीएचडीच्या तिसऱ्या सत्रातलं माझं प्रेझेंटेशन मला अजून जसंच्या तसं आठवतं. वेळ १५ मिनिटं, स्लाइड ३४. विषय कऱ्हा नदीच्या खोऱ्यातलं भूजल. पहिल्या सात स्लाइड दख्खनचा बेसॉल्ट कसा तयार झाला, त्यावर कुणी कुणी काम केलं आणि आमच्या भागात पाऊस किती पडतो यातच गेल्या. मग पद्धती. मग पाण्याच्या रासायनिक तपासणीचे तक्ते. १९ व्या स्लाइडला घंटा वाजली. मी बोलण्याचा वेग वाढवला. दुसऱ्यांदा घंटा वाजली तेव्हा समितीतल्या बाहेरून आलेल्या सरांनी हात वर करून मला थांबवलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "मॅडम, तुम्हाला सापडलं काय?"

मी म्हणाले, "सर, ते २७ व्या स्लाइडवर आहे."

त्यांना दोन वाक्यांत उत्तर हवं होतं आणि ती दोन वाक्यं माझ्याकडे नव्हती. आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दहावीपर्यंत मी बार्शीजवळच्या गावात मराठी शाळेत शिकले, त्यामुळे ती समजूत पटायलाही सोपी होती. त्याच संध्याकाळी मी स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी विचारून आले.

दीड महिन्यानं, मे महिन्यात, उन्हाळी पातळ्या घ्यायला फील्डवर गेले. माझ्या अभ्यासात ४२ विहिरी होत्या. प्रत्येकीच्या काठावर रंगानं खूण केलेली. तिथून टेप सोडायचा, पाण्याला टेकला की आकडा लिहायचा, पुढच्या विहिरीकडे निघायचं. ११ नंबरची विहीर ज्यांची, त्यांना सगळा गाव नाना म्हणतो, म्हणून मीही नाना म्हणायचे. मी टेप गुंडाळत होते तेव्हा ते म्हणाले, "ताई, दोन वर्सं झाली टेप सोडताय. काय घावलं?"

प्रश्न तोच होता.

मी तिथंच खाली बसले आणि काठीनं मातीत तीन आडव्या रेघा ओढल्या. "ही तुमची वरची आळी. तुमच्या विहिरीत वर थोडा मुरूम, त्याखाली काळा पाषाण. बरोबर?"

"बरोबर. सुरुंग लावून काढलाय."

"काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. भेगा असतील तेवढंच आत जातं. म्हणजे तुमच्या विहिरीला पाणी मिळतं ते फक्त वरच्या मुरमाचं. ते मुरमातून पाझरतं, पाषाणावर आलं की अडतं, मग उताराकडं सरकत सरकत ओढ्याला निघून जातं. जानेवारी संपेपर्यंत मुरूम रिकामा होतो."

"आन् खालच्या आळीची?"

"ती मांजऱ्यात आहे."

मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे त्यात अडकतात, त्यांच्या पोकळ्या राहतात आणि पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरतात. आमच्या पुस्तकात त्याला व्हेसिक्युलर अमिग्डलॉइडल बेसॉल्ट म्हणतात. विहिरी खोदणारी माणसं त्याला मांजऱ्या म्हणतात आणि तो लागला की खूश होतात, कारण तो लवकर झिजून भुसभुशीत होतो आणि पाणी धरून ठेवतो.

नानांना ते पटलं नाही. "पर खोली तर सारखीच हाय. त्येंची चाळीस फूट, माझी अडतीस."

"म्हणून तर सांगतेय नाना. विहीर किती महिने चालेल हे ती कुठल्या थरात आहे त्यावर ठरतं, खोलीवर नाही."

बोलून गेले आणि गप्प झाले. दोन वर्षांच्या कामाचा निष्कर्ष तो एवढाच होता, आणि माझ्या ३४ स्लाइडमध्ये हे वाक्य कुठेही नव्हतं. २७ व्या स्लाइडवरसुद्धा नव्हतं. तिथं ‘रिझल्ट्स अँड डिस्कशन’ असं शीर्षक होतं आणि खाली ट्रान्समिसिव्हिटीच्या, म्हणजे थरातून पाणी किती सहज वाहतं त्याच्या, आकड्यांचा बारा ओळींचा तक्ता.

नानांनी लगेच पुढचं विचारलं, "मग आजून धा फूट खाली गेलो तर?" मी शेजारच्या विहिरींवरून हिशेब केला. पुढचा मांजऱ्या त्यांच्या तळापासून साधारण पंचवीस फुटांवर असावा, मध्ये गेरूचा चिकट पट्टाही आहे, दहा फुटांत खर्च तेवढा होईल. असा नेमका प्रश्न मला तोवर कुठल्याही समितीनं विचारला नव्हता. विचारणार तरी कसा? माझ्या बोलण्यातून त्यांना प्रश्न विचारण्याइतकं काही कळलंच नव्हतं.

त्या रात्री मी नानांना सांगितलेलं आठवेल तसं वहीत उतरवलं आणि त्याच पानावर शेजारी माझ्या स्लाइडवरचे शब्द लिहिले. एका बाजूला मुरतं, पाझरतं, अडतं, सरकतं, निघून जातं. दुसऱ्या बाजूला इन्फिल्ट्रेशन, रिचार्ज, ट्रान्समिसिव्हिटी, डिस्चार्ज. मराठीत माझं पाणी काहीतरी करत होतं. स्लाइडवर नुसत्या पाट्या लावल्या होत्या. यात इंग्रजीचा दोष नाही, इंग्रजीतही भरपूर क्रियापदं आहेत. पण आपण आपल्या विषयाचं इंग्रजी शिकतो ते शोधनिबंध वाचून, आणि तिथली वाक्यं नामांनी गच्च भरलेली असतात. डोळ्यांनी वाचताना ती मागे जाऊन पुन्हा वाचता येतात. कानांनी ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही.

मग मी वहीतली मराठी क्रियापदं धरून इंग्रजी वाक्यं केली. वॉटर एंटर्स हिअर. इट स्टॉप्स हिअर. इट लीव्ज हिअर, बाय जॅन्युअरी. एवढी साधी, की व्याकरण चुकायला जागाच उरली नाही. क्लासची फी मी भरली नाही.

आता मी कॉलेजात शिकवते आणि दर शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणारी पाचसहा मुलं-मुली जमतात. भूशास्त्राची माझी एकच विद्यार्थिनी आहे. बाकी एक सूक्ष्मजीवशास्त्राची, एक अर्थशास्त्राचा, एक रसायनवाला आणि एक मराठीची, जी जात्यावरच्या ओव्यांवर काम करते. नियम दोनच. पहिल्यांदा बोलायचं ते मराठीत, स्लाइड न लावता, उभं राहून. आणि ऐकणाऱ्यांत आपल्या विषयाचा माणूस नसेल तर उत्तम.

मोठ्यानं बोलायचं, हे मी फार आग्रहानं सांगते. मनातल्या मनात कुणी अडखळत नाही. दोन कल्पनांच्या मधली फट मन आपोआप बुजवून टाकतं. तोंड उघडलं की ‘त्यामुळे’ म्हणावं लागतं, आणि ‘त्यामुळे’ म्हटलं की खरंच त्यामुळेच का, हा प्रश्न आपला आपल्यालाच पडतो. मराठीचा आग्रह एवढ्यासाठी, की मराठीत पारिभाषिक शब्दाच्या आडोशाला उभं राहता येत नाही. ‘स्पेसिफिक यील्ड दोन टक्के आहे’ हे वाक्य मी वर्षभर बिनदिक्कत म्हणत होते. मराठीत सांगायची वेळ आली तेव्हा म्हणावं लागलं, की शंभर घनमीटर मुरूम पूर्ण भिजलेला असला तरी त्यातलं जेमतेम दोन घनमीटर पाणी विहिरीला मिळतं, उरलेलं तो सोडत नाही. हे म्हणताना मला पहिल्यांदा जाणवलं की आपल्या जमिनीखालच्या टाक्या किती लहान आहेत.

बोलण्याची संधी मिळत नाही, ही तक्रार आता करता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसीच्या) २०२२ च्या नियमावलीनुसार संशोधकानं दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढं उभं राहून कामाची प्रगती मांडायची असते. पीएचडीला किमान तीन वर्षं म्हटलं तर सहा वेळा. शिवाय प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण आणि शेवटची तोंडी परीक्षा. इतक्या वेळा बोलायचं असतं, आणि बोलायचं कसं हे शिकवायला मात्र वेळापत्रकात तास नसतो. सगळे जण आधीच्या विद्यार्थ्यांची स्लाइड-फाइल घेतात, नाव बदलतात आणि त्याच साच्यात आपला माल भरतात. त्या साच्यातली दुसरी स्लाइड बहुतेक ‘कंटेंट्स’ असते. प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धती, निष्कर्ष. ती मी पहिल्याच शनिवारी काढायला लावते. भाषणात प्रस्तावना आणि निष्कर्ष असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यासाठी पाऊण मिनिट कशाला खर्चायचं?

स्लाइडच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडली ती अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे मायकेल अ‍ॅली यांची पद्धत. शीर्षकाच्या जागी विषयाचं नाव लिहायचं नाही, पूर्ण वाक्य लिहायचं, त्या स्लाइडचं म्हणणं सांगणारं. आणि खाली मुद्द्यांची यादी द्यायची नाही, ते म्हणणं सिद्ध करणारं चित्र किंवा आलेख द्यायचा. माझ्या ‘वॉटर लेव्हल फ्लक्चुएशन’ या शीर्षकाचं ‘वरच्या आळीच्या विहिरी खालच्यांपेक्षा दोन महिने आधी आटतात’ असं वाक्य झालं. (स्लाइड इंग्रजीत होत्या, इथं अर्थ दिलाय.) वाक्य लिहायला बसलं की कळतं, काही स्लाइडना म्हणणंच नसतं. माझ्या तीन पायपर आकृत्यांचं तसंच झालं. पाण्यातले क्षार दाखवायची ती १९४४ सालापासूनची पद्धत, दोन त्रिकोण आणि वर एक चौकोन. मला फार आवडते. पण मी जे सांगत होते त्याच्याशी तिचा संबंध नव्हता. मी त्या तिन्ही आकृत्या शेवटच्या आभाराच्या स्लाइडच्या मागे नेऊन ठेवल्या. कुणी रसायन विचारलंच तर काढायच्या. पुढच्या सत्रात मी ९ स्लाइड घेऊन गेले. पहिल्या स्लाइडवर नानांच्या विहिरीजवळच्या तीन रेघा होत्या, जरा नीट काढलेल्या, आणि तेच चित्र लहान करून पुढच्या प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात ठेवलं होतं, आपण कुठल्या थराबद्दल बोलतोय ते रंगवून.

आलेख दाखवताना एक टिंब वाचून दाखवावं. आडव्या अक्षावर महिने आहेत, उभ्यावर काठापासून पाण्यापर्यंतची खोली आहे, म्हणजे रेघ खाली गेली की पाणी खाली गेलं, हे आधी सांगायचं. मग बोट ठेवायचं: हे टिंब ११ नंबरच्या विहिरीचं, डिसेंबरातलं, पाणी अठरा फुटांवर. एवढं झालं की समोरच्याला उरलेली टिंबं आपोआप वाचता येतात. आपण तो आलेख वर्षभर रोज पाहिलेला असतो, समोरचा आत्ता पहिल्यांदा पाहतोय, हे विसरायला होतं. लाल-हिरव्याच्या जोडीनं फरक दाखवू नये, पुरुषांमध्ये लाल-हिरवा नीट वेगळा न दिसणारे बरेच असतात. निळा-नारिंगी घ्यावा. पिवळी रेघ प्रोजेक्टरवर नाहीशीच होते.

मराठीत सादरीकरण करणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट, कारण ओव्यांवालीचं फार नुकसान झालं होतं. तिनं सगळ्या ओव्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. चर्चासत्राच्या सभागृहातल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. पडद्यावर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांचा चिखल उमटला. तिला सगळ्या ओव्या पाठ होत्या म्हणून ती म्हणत गेली आणि निभावलं. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ सोबत न्या.

वेगाबद्दल बोलायला हवं. मी स्वतःचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा १५ मिनिटांत ‘सो’ ४१ वेळा आला होता आणि वाक्यांच्या मध्ये श्वास नव्हता. तेव्हा मला मायकेल फॅरडेचा आधार वाटला. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, शालेय शिक्षण जेमतेम झालेला हा मुलगा, १८१३ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी मित्राला लांबलचक पत्रं लिहून व्याख्यान कसं असावं याचा विचार करत होता. पुढे त्यानं वक्तृत्वाची रीतसर शिकवणी घेतली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोलताना समोर ‘सावकाश’ अशा अर्थाचं कार्ड ठेवलेलं असे, आणि वेळ संपत आली की मदतनीस ‘वेळ’ लिहिलेलं कार्ड पुढे करी. ज्याची व्याख्यानं ऐकायला लंडन लोटायचं, त्यालाही कार्ड लागायचं. माझ्या पाकिटात पोस्टकार्डाचा अर्धा तुकडा आहे, त्यावर ठळक मार्करनं ‘सावकाश’ लिहिलंय. अजून वापरते.

पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट पाठ करावं, असं मी सांगते. मधलं पाठ करू नये. पाठ केलेलं मध्येच तुटलं तर जोडता येत नाही.

थ्री मिनिट थीसिस ही स्पर्धा आता आपल्याकडेही बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड, हातात दुसरं काही साहित्य नाही. ती ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात २००८ साली सुरू झाली. तिची जन्मकथा मी पाण्यावर काम करते म्हणून मला विशेष जवळची. त्या काळात क्वीन्सलंडमध्ये मोठा दुष्काळ होता. अंघोळीला पाणी कमी लागावं म्हणून लोक न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावायचे. तिथल्या पदव्युत्तर विभागाचे तेव्हाचे अधिष्ठाता अ‍ॅलन लॉसन यांना त्या घड्याळावरून ही कल्पना सुचली. स्पर्धेत भाग घ्या न घ्या, तीन मिनिटांचं रूप प्रत्येकाकडे तयार असावं. आमच्या शनिवारी ते दुसऱ्या फेरीत होतं.

राहिले प्रश्न. आपल्याकडे समितीपुढं उभं राहिलं की ‘हो सर, करते सर’ असं तोंडातून निघून जातं. आदर म्हणून ते येतं, मला कळतं, मीही तशीच वाढले. पण मी एकदा असं ‘करते सर’ म्हणून आयसोटोपच्या तपासण्या कबूल करून बसले होते. त्या माझ्या प्रश्नाला लागू नव्हत्या आणि त्यांना पैसेही नव्हते. पुढच्या सत्रात तेच विचारलं गेलं आणि उत्तर देता आलं नाही. आता मुलांना सांगते, प्रश्न आधी आपल्या शब्दांत पुन्हा म्हणा: "सर, तुम्हाला असं विचारायचंय का, की..." त्यानं दोन गोष्टी होतात. प्रश्न चुकीचा ऐकला असेल तर तिथंच कळतं, आणि विचार करायला दहा सेकंद मिळतात. उत्तर माहीत नसेल तर "याची मोजणी मी केलेली नाही, करायची झाली तर अशी करीन" असं सरळ म्हणावं. कुठल्याही परीक्षकाला ते आवडतं. मी स्वतः परीक्षक म्हणून बसते तेव्हा मला आवडतं. आणि प्रश्न लिहून घ्यायला एक मैत्रीण मागच्या बाकावर बसवावी. बोलणाऱ्याच्या डोक्यात त्यातलं काहीही राहत नाही.

९ स्लाइडच्या त्या सादरीकरणानंतर बाहेरच्या सरांनी विचारलं होतं, "तुमच्या ४२ पैकी पाच विहिरी नियमात बसत नाहीत. त्यांचं काय?" मला इतका आनंद झाला होता. त्या पाच विहिरींवर मी स्वतःही सहा महिने झोप घालवली होती.

गेल्या शनिवारी सूक्ष्मजीवशास्त्राची मुलगी बोलायला उभी राहिली. शेतात मल्चिंगला, म्हणजे पिकाभोवतीची माती झाकायला, जे विघटनशील प्लास्टिक अंथरतात, त्याच्यावर तिचं काम आहे. त्या प्लास्टिकचे तुकडे मातीत पुरायचे, ठरावीक दिवसांनी काढायचे, धुऊन वाळवून वजन करायचं. मराठीत छान चाललं होतं. ‘डिग्रेडेशन’पाशी ती अडली. "मग हे प्लास्टिक... कुजतं," ती म्हणाली. थांबली. "नाही, कुजतं नाही. झिजतं." परत थांबली. मागून ओव्यांवाली म्हणाली, "अगं, पण कुजणं आणि झिजणं एक नाही ना? कुजलं तर माती होते. झिजलं तर त्याचा भुगा तिथंच राहतो."

कुणी काही बोललं नाही. मुलीनं टेबलावरची वही उघडली आणि तक्ता काढला. तीस दिवसांनी एवढं वजन घटलं, साठ दिवसांनी एवढं, नव्वद दिवसांनी एवढं. जंतूंनी खाऊन घटलं की बारीक तुकडे होऊन धुताना वाहून गेलं, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नव्हतं. इंग्रजीत दोन्हींना तिनं दोन वर्षं एकच शब्द वापरला होता.

"मॅडम, जंतूंनी खाल्लं तर कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो मोजायला लागेल," ती म्हणाली. रसायनवाला उठून फळ्यापाशी गेला आणि बरणी, नळी, अल्कली असं काहीतरी काढू लागला. सहा वाजून गेले होते. पुढचा वक्ता अर्थशास्त्राचा होता, त्याला आम्ही या शनिवारी ऐकणार आहोत.